आधी पाणी, मग कणीस

निराश व्हायला माणसाला काहीतरी मोठं कारण लागतं, हा माझा समज आमच्या घरमालक काकांनी एका उकडलेल्या मक्याच्या कणसावर खोडून काढला. नांदे गावात त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं भाड्याने राहिलो. पुढारी, मुलं, सुना, स्वतःचे गुडघे, यांतल्या कशाबद्दलही त्यांनी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. आपली सगळी निराशा त्यांनी कणसासाठी राखून ठेवली होती. कणीस मक्याच्या उभ्या ताटापासून मोडलं की त्याचा गोडवा मरायला लागतो आणि तो पुरता मरायच्या आत ते उकळत्या पाण्यात पडलं पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा. "मोडल्याबरुबर त्याचा जीव जायला लागतो बगा. तुमी बाजारातनं आनता ते मढं असतं," हे त्यांनी मला पहिल्या दिवशी खोलीची किल्ली देता देताच सांगितलं. त्या वेळी माझ्या हातातल्या पिशवीत बाजारातली दोन कणसं होती. ती मी कशीबशी पाठीमागे लपवली.

त्यामुळे त्या घरात आधी पाणी आणि मग कणीस, हा क्रम ठरलेला. काकी गॅसवर मोठं पातेलं चढवायच्या, तळाला कोवळा पाला अंथरायच्या. मीठ बिलकुल नाही, कारण मिठानं दाणा आखडतो. काका घरामागच्या मक्यात जाऊन, आधीच अंगठ्याने दाबून पसंत केलेल्या कणसावर हात ठेवून उभे. आतून काकींचा आवाज आला, "आवं, फुटली उकळी!" की कणीस मोडायचं आणि पळत सुटायचं. सत्तरीचा माणूस एका हाताने पायजमा सावरत, दुसऱ्या हाताने कणीस सोलत चाळीस पावलं धावायचा, आणि अंगणभर पाला व्हायचा. शेवटचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवायचा, कणीस पाण्यात सोडायचं, झाकण लावायचं. मग कुणी बोलायचं नाही. शेवटी ते पहिला घास घ्यायचे, डोळे मिटून चावायचे आणि निकाल सांगायचे. सहा वर्षांत निकाल एकदाही बदलला नाही. "उशीर झाला," असं म्हणून ते कणीस माझ्या हातात द्यायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे.

मी एकदा हौसेने त्यांचंच एक कणीस कुकरला लावलं. तिसऱ्या शिट्टीला ते दारात हजर. "तीन शिट्ट्या? काय हरभरं हायेत व्हय?" एवढंच बोलले आणि दोन दिवस माझ्याकडे बघेनात. काकींनीच मध्यस्थी केली तेव्हा कुठे त्यांनी बंद केलेला माझा पाण्याचा नळ सुरू झाला.

एका रविवारी मी त्यांना डोंगरात नवं वसवलेलं लवासा शहर दाखवायला नेलं. तळं झालं, रंगीत इमारती झाल्या. मग एका गाडीवर कपात मक्याचे दाणे मिळत होते, लोणी आणि तिखट घातलेले. त्यांनी एक चमचा तोंडात टाकला आणि त्या परप्रांतीय पोराला आपल्या हिंदीत विचारलं, "कितने बजे तोड्या?" पोरगं म्हणालं, "ताजा है चाचा, फ्रीज का है." काकांनी कप अलगद खाली ठेवला. परतताना बंद खिडक्यांच्या रांगांकडे बघत ते म्हणाले, "येवढी घरं, अन् एकाच्याबी चुलीवर पानी न्हाई."

पण खरी पंचाईत दुसरीच होती. रस्त्याला लागून असलेल्या जमिनीला मागणी जास्त, म्हणून मुलांनी आधी तीच द्यायला काढली. घरामागचा तुकडा रस्त्याकडेचाच, तो बिल्डरकडे गेला तसा मका ओढ्यापलीकडे सरकला. काकांनी जुनी सायकल दुरुस्त करून घेतली. दोन वर्षांनी ओढ्याकाठही गेला आणि मका पार टेकडीच्या पायथ्याशी पोचला. चूल जागची हलली नाही, रान मात्र दर खेपेला लांब जात होतं. दुसऱ्या कुणी सरळ हार मानली असती. काकांनी माझी स्कूटर कामाला लावली. काकी घरी पातेल्यापाशी, काका ताटापाशी, दोघांच्या कानाला फोन, आणि मी स्कूटर सुरू ठेवून बांधावर. "फुटली" म्हटलं की काकांनी कट्कन मोडून मागे बसायचं आणि मी सुटायचं. मागून सारखं टोचणं, "हाना की! आमची म्हस पळंल याच्यापरीस."

एकदा वळणावर सिमेंटचा मिक्सर आडवा झाला. पुढे कंपन्यांच्या गाड्या, मागे कंपन्यांच्या गाड्या, आणि मधोमध आम्ही. काकांच्या मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली चार कणसं. ते अधूनमधून टॉवेलाखाली हात घालून बघत, नाडी बघावी तसे. अर्ध्या तासाने म्हणाले, "गेली."

"काका, अर्धाच तास झालाय."

"अर्ध्या तासात मानूस जातंय."

घरी काकी चारदा पाणी वाढवून थकल्या होत्या. कणसं उकडली, खाल्ली. आता कबूल करायला हरकत नाही: मला ती साखरेसारखी लागली. चाळीस पावलांवरचं आणि मिक्सरमागचं, दोन्हीत मला कधीच फरक कळला नाही. मी तसं बोललोही. काकांनी माझ्याकडे फार कीव येऊन पाहिलं.

पुढच्या वर्षी टेकडीखालचा तुकडाही गेला. सही करून आल्यावर काकांनी पातेलं स्वतः घासलं आणि फळीवर पालथं घातलं. त्या पावसाळ्यात ते "उशीर झाला" असं एकदाही म्हणाले नाहीत. सहा वर्षं ज्या रडगाण्याला मी वैतागलो होतो, ते ऐकू येईना तेव्हा मला ते घर नकोसं झालं. नाहीतरी राहतं घरही पाडायचंच होतं. मी पिरंगुटला खोली बघितली.

गेल्या श्रावणात काकींचा फोन आला, "या की हिकडं. कणीस हाय." नव्या इमारतीत त्यांना सहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आहे. गॅलरीत रंगाचे चार रिकामे डबे आणि प्रत्येकात मक्याचं एकेक ताट. गॅसवर तेच पातेलं. ताटापासून गॅसपर्यंत मोजून पाच पावलं. इतक्या जवळ मका त्यांच्या जन्मात आला नव्हता.

"आवं, फुटली," काकी हळूच म्हणाल्या. ओरडायची गरजच नव्हती. काकांनी कणीस मोडलं. एरवी दहादा दाबून बघणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी अंगठा लावला नाही. आणि पाच पावलंसुद्धा ते धावले. पापुद्रा ओढला तर आत बोडकं कणीस, त्यावर विखुरलेले अकरा दाणे.

काकाच म्हणाले, "चार ताटावर दाना भरत न्हाई. मक्याला भवताली मका लागतो."

"माहीत होतं तुम्हाला?"

"म्हायती नसाया काय झालं? जल्म त्यात गेला. पर घरात बसून तरी काय करू?"

त्यांनी ते कणीस तसंच पाण्यात सोडलं, झाकण लावलं, आणि आम्ही तिघं नेहमीसारखे न बोलता उभे राहिलो. मग बशीत दाणे सोलले. चार मला, चार काकींना, तीन त्यांना. मी दाणे तोंडात टाकले आणि सहा वर्षं हा माणूस काय सांगत होता ते मला त्या दिवशी कळलं. तसा गोडवा मी आधी चाखला नव्हता, आणि आता तो कुठे मिळेल हेही मला माहीत नाही. काका डोळे मिटून शेवटचा दाणा चावत होते.

"आज उशीर न्हाई झाला," ते म्हणाले.

काकींनी पदर डोळ्याला लावला. पातेल्यातलं पाणी उकळतच होतं, गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.