सेल्मरच्या इंजिनाचे पितळी स्क्रू

मिनेसोटातल्या आमच्या तळ्यावर बोटीमागे लावायची जुनी इंजिनं हॅल्व्हर आणि सेल्मर या दोघांकडेच उरली होती. एकाच वर्षी घेतलेली, अगदी जुळी. दोघांचा तोंडी करार होता, जो आधी जाईल त्याच्या इंजिनाचे भाग दुसऱ्यानं घ्यायचे. पानगळीत सेल्मर गेला.

बर्फ वितळायच्या सुमाराला हॅल्व्हर आमच्या हार्डवेअरच्या दुकानात आला. मी तिथे काउंटरवर असते. त्यानं पुढ्यात एक पितळी स्क्रू ठेवला. इंजिन सुरू करायची दोरी ज्या झाकणात असते, ते असल्या तीन स्क्रूंवर बसतं. तिसरा तळ्यात पडला होता.

मी सगळे खण उपसले. जाडी जुळायची, आटे जुळत नव्हते.

"जरा जोर लाव की," मी म्हटलं.

"बाई, जोर लावला तर इंजिनातलेच आटे उपटून येतील. मग बसा रडत."

"मग नवं घे. सगळे घेतात."

"सगळे बायकाही करतात. मी केली का?"

"तुला देत होतं कोण!"

तो हसला, पण थोडंच. जुन्या इंजिनांचे भाग विकणाऱ्यांना मी फोन केले, कुणाकडे नव्हता. इंजिन चालणार नसेल तर बोट विकून टाकतो, म्हणाला. तळं सोडलं तर त्या एकट्या माणसाला दुसरं काय होतं?

"सेल्मरच्या इंजिनाला तिन्ही आहेत ना," मी म्हटलं.

"आहेत." उघडे राहिलेले खण तो एकेक करून लावत बसला. "रविवारी सोडशील तिकडे?" डोळ्यांमुळे त्याचं गाडी चालवणं बंद झालं होतं.

रविवारी आम्ही गेलो तर शेडमधून इंजिनाचा आवाज येत होता. पाण्याच्या पिंपाच्या काठाला सेल्मरचं इंजिन लावलेलं, आणि त्याची बायको आर्डिस चर्चच्या कोटातच पालथ्या बादलीवर बसलेली. आम्हाला पाहून तिनं ते घाईनं बंद केलं.

"चर्चहून आले की लावते थोडा वेळ," ती ओशाळून म्हणाली. "घर फार गप्प असतं."

हॅल्व्हरनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. वाकला, आणि झाकणाचा एक स्क्रू घट्ट करून दिला.

"ढिला होता. हादऱ्यानं पडला असता."

"काही हवं होतं का रे तुला?"

"कॉफी."

 परतताना मी मनात देवाचं नाव घेत गाडी चालवली.

मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्यानं बोट विकली. मग दुकानात येऊन कागदाची एक पुडी दिली. त्यात त्याच्या इंजिनाचे उरलेले दोन स्क्रू होते.

"आर्डिसला दे. तिला लागतील कधीतरी. दुकानात सापडले म्हण."

खोटं बोलायला माझी जीभ वळेना. पुडी नुसतीच तिच्या हातावर ठेवली. तिनं उघडून पाहिली.

"हॅल्व्हरची बोट कुठाय?"

"विकली."

तिनं पुडी पुन्हा नीट बांधली.

"आणि मी त्याला कॉफीत साखर किती घालू, एवढंच विचारत बसले," म्हणाली.