अक्काला घाटातून खाली आणताना

अक्काला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला अप्पा आणि मी निलगिरीत गेलो, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली होती. आईला दमा, घाट तिला सोसत नसे. म्हणून मद्रासमधल्या अड्यारच्या घरून आम्ही दोघंच निघालो. अक्काचे यजमान कोटगिरीकडच्या एका चहामळ्याच्या कचेरीत कामाला होते. अक्काला सातवा महिना संपत आला होता.

एप्रिलमध्ये तिथे वळवाच्या एक-दोन सरी येतात, एवढं आम्ही ऐकून होतो. पण आम्ही पोचलो आणि पावसाने जो ठिय्या दिला, तो उठेचना. मळ्यातल्या मजुरांच्या घरांत चिखल शिरला. पाऊस थांबला तरी भावजींना ते सगळं टाकून निघता येईना. त्यांनी आम्हाला मेट्टुपाळयमच्या बसमध्ये बसवून दिलं. संध्याकाळी तिथून मद्रासची गाडी होती.

अप्पांचा जन्म मद्रासच्या सपाट रस्त्यांवर गेलेला. बस वळली की ते पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरत आणि अक्काला बजावत, "सावकाश बस. मागे टेकून बस."

"अप्पा, मी या रस्त्याने दर आठवड्याला बाजाराला जाते," ती हसून म्हणाली.

अर्ध्या घाटात ड्रायव्हरने बस थांबवली. पुढे रस्ता नव्हताच. वरच्या ओढ्यातून चिखलाचा लोंढा येऊन गेला होता. त्याने मोठाले धोंडे, अख्खी झाडं, चहाची झुडपं मुळांसकट आणून टाकली होती, आणि दरीकडची कड खाली नेली होती. ओल्या मातीचा आणि मोडलेल्या लाकडाचा उग्र वास येत होता. पलीकडे दुसरी बस उभी दिसत होती. थोड्या वेळाने मागून चालत आलेल्या लोकांनी सांगितलं, वरही दरड कोसळली. म्हणजे परत जायची वाटही बंद.

रस्त्याच्या कामावरची माणसं फळ्या टाकून एकेकाला पलीकडे नेत होती.

"आपण इथेच थांबायचं," अप्पा म्हणाले. "रस्ता मोकळा होईल."

"तोवर बसमध्येच बारसं करावं लागेल," अक्का म्हणाली.

"थट्टा नको. तुला काही झालं तर तुझ्या आईला मी काय सांगू?"

"आणि वर पुन्हा पाऊस लागला तर? मग इथे उभं राहून काय होणार?"

अक्काने साडी वर खोचली, चपला माझ्या पिशवीत टाकल्या आणि माझा हात धरला. अप्पा पुढे झाले. "मेदुवा, मेदुवा," हळू, हळू, असं मजूर तमिळमध्ये ओरडत होते. अप्पा दर पावलाला मागे वळून तिला सांगत होते, इथे पाय दे, तिथे देऊ नकोस. असंच वळून बोलताना त्यांचा स्वतःचा पाय फळीवरून घसरला आणि दोन धोंड्यांमध्ये अडकला. ते ओरडले नाहीत, मटकन बसले. चेहरा पांढराफटक.

माझा हात सोडून अक्का त्यांच्यापाशी पोचलीसुद्धा. "पाय हलवू नका अप्पा. माझ्या खांद्याला धरा." मग तिने खणखणीत तमिळमध्ये मजुरांना हाका मारल्या. पलीकडच्या चहाच्या टपरीतून कुणी लाकडी खुर्ची आणली आणि अप्पांना तिच्यात बसवून चौघांनी उचललं. अप्पा वरून एकच घोकत होते, "मला राहू द्या, तिला धरा, तिला!" ती त्यांच्या मागे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून चालत होती, एक हात पोटाशी.

मेट्टुपाळयमच्या दवाखान्यात अप्पांच्या पायाला प्लास्टर घातलं. गाडी सुटली, अप्पांना डुलकी लागली, तेव्हा अक्काने माझा तळवा घेऊन आपल्या पोटावर ठेवला.

"आत्ता हललं," ती म्हणाली. "घाटापासून अगदी गप्प होतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"कुणाला सांगू? अप्पांना?" एवढं म्हणून ती रडायला लागली. सबंध दिवसात पहिल्यांदाच.

सेंट्रल स्टेशनवर आई आली होती. हमालाने ढकलत आणलेल्या चाकांच्या खुर्चीत अप्पा आणि शेजारी चालणारी अक्का बघून ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "आणायला कोण गेलं होतं आणि घेऊन कोण आलं!"

अक्काला मुलगी झाली, सुखरूप. बारशाला भावजी कुन्नूरच्या घाटाने लांबचा वळसा घेऊन आले. आमचा रस्ता तोवर बांधून झाला नव्हता. अप्पा काठी टेकत दारापर्यंत गेले, त्यांना आत आणलं आणि पाळण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आईवर गेली आहे."