शिरूरहून दौंडमार्गे एका बेटावर

जायचं ठरलं ते एका ईमेलमुळे. आमचा छोटासा गट आहे. सगळे मराठी, आणि सगळ्यांचं ऐकू येणं मोठेपणी गेलेलं. कुणी सोलापूरचं, कुणी नागपूरचं, एकजण शारजात नोकरीला. एकमेकांना पत्रं लिहावीत तसे आम्ही ईमेल लिहितो, पण प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही. बहिऱ्या माणसांची बैठक भरवणं अवघडच असतं. प्रत्येकाला दुसऱ्याच्या ओठांकडे बघावं लागतं, आणि एका वेळी एकाच्याच ओठांकडे बघता येतं. म्हणून सोलापूरच्या सुहासकाकांनी, जे बँकेतून निवृत्त झालेत, सुचवलं की आपण इंटरनेटवरच्या त्या त्रिमितीतल्या जगात भेटू. तिथं प्रत्येकाची एक बाहुली असते, तिला अवतार म्हणतात. ती चालते, बसते, उडतेसुद्धा. आणि बोलायचं ते टाइप करून. रविवारी दुपारी या, असं काकांनी सगळ्यांना कळवलं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी सुरेखा. आमचं मूळ गाव निमोणे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि आता आम्ही शिरूरला राहतो. कॉलेजात असताना मला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, कान गेले. बोलता येतं, पण स्वतःचा आवाज किती मोठा होतोय ते कळत नाही, म्हणून बाहेर मी कमीच बोलते. एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करते. बोटं भराभर चालतात.

शिरूरमध्ये आधी प्रयत्न करून पाहिला. आमच्या इथल्या सायबर कॅफेत ते जग उघडलं खरं, पण चित्र थिजून राहिलं. माझी बाहुली एक पाय उचलून उभी राहिली ती राहिलीच. कॅफेवाल्यानं कागदावर लिहून दिलं की यासाठी मशीनला चांगलं ग्राफिक कार्ड लागतं, तसं मशीन दौंडला स्टेशनजवळ एका बाईंच्या कॅफेत मिळेल. तुम्हीही जाणार असाल तर हे आधी विचारून घ्या. नुसतं ब्रॉडबँड असून भागत नाही.

एकटी जाते म्हटलं तर घरी कुणाला पटेना. शेवटी दादा मोटरसायकल घेऊन निघाला. माझा थोरला भाऊ. आजारपणानंतर बाहेरच्या जगाशी माझं सगळं बोलणं तोच करतो. डॉक्टरकडे, बँकेत, एसटीत कंडक्टरशी. लोक त्याला विचारतात, तो उत्तर देतो, आणि मी शेजारी उभी असते. त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्यानं हे केलं नसतं तर मी घराबाहेरच पडले नसते.

सकाळी लवकर निघालो. शिरूर ते न्हावरा रस्ता बरा आहे, पुढे मध्येमध्ये खड्डे. पारगावला भीमेवरचा पूल लागतो. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं, तिथं पाच मिनिटं थांबाच. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस आणि अधूनमधून गुऱ्हाळं. वास आधी येतो, धूर नंतर दिसतो. एका गुऱ्हाळावर थांबलो. चुलवाणाशी एक वयस्कर आप्पा बसले होते. त्यांनी मला काहीतरी विचारलं, माझं लक्ष कढईकडे होतं, मग त्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं कानाकडे बोट केलं. आप्पांचे पुढचे शब्द मी ओठांवरून वाचले.

"जन्मापास्नं हाय व्हय?"

दादा म्हणाला न्हाई, आजारात गेलं. आप्पांनी मान हलवली आणि पळसाच्या पानावर गरम काकवी माझ्यासमोर धरली. दादासाठी वेगळं पान नव्हतं, त्याला माझ्यातलीच चाटावी लागली. पैसे घेईनात, म्हणून आम्ही गुळाची एक ढेप विकत घेतली. ती पिशवीत घालून चौफुल्याला आलो, डावीकडे वळलो, पाटसहून दौंडचा रस्ता धरला. सावकाश गेलात तरी दुपारच्या आत पोहोचता.

दौंड हे रेल्वेचं गाव. स्टेशनसमोर वडापाव, मिसळ, भजी, जे हवं ते मिळतं. आम्ही वडे खाल्ले आणि कॅफे शोधला. एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, बाहेर चपला काढून जायचं. फरीदाआपा नावाच्या बाई तो चालवतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दौंडचंच. खाली भावाचं शिवणकामाचं दुकान, वर यांचे कॉम्प्युटर. तासाला तीस रुपये घेतात, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे.

दादानं नेहमीप्रमाणे सगळं सांगायला सुरुवात केली. हिला ऐकू येत नाही, हिला अमुक जगात जायचंय. आपांनी त्याचं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. ओठ नीट हलवत त्यांनी मलाच विचारलं की त्या जगातलं नाव घेऊन ठेवलंय का, की नवीन काढायचंय. मी म्हणाले, आहे. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या मुलीनं वळून पाहिलं. आपांचा चेहरा मात्र तसाच राहिला. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

त्या स्वतः त्या जगात फिरून आल्या होत्या. समुद्र बघायला जाते म्हणाल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी मला चालायला शिकवलं. ते सांगते, तुमच्या उपयोगी पडेल.

बाणाच्या बटणांनी चालायचं. वरचा बाण पुढे, बाजूचे बाण वळायला. पहिल्यांदा सगळेच भिंतीला धडकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मागे काय आहे ते बघायला बाहुली वळवायची गरज नसते, माउसनं नजर फिरवता येते. हे शिकलात की निम्मं काम झालं. उडायचं वेगळं बटण आहे, आणि उतरायचं शिकल्याशिवाय उडू नका. मी उडाले आणि मध्येच बटण सोडून दिलं, त्यासरशी धाडकन समुद्रात. दादानं माझा खांदा घट्ट धरला. आपा हसल्या आणि म्हणाल्या, "बुडत न्हाई इथं कोन. तळाशी चाल, बाहेर निघशील." खरंच तसं आहे. मी समुद्राच्या तळावरून चालत किनाऱ्यावर आले, केसही ओले झाले नाहीत.

बोलण्याचं असं आहे. खाली एक पट्टी असते, तिच्यात लिहिलं की आसपासच्या सगळ्यांना दिसतं. लांब उभ्या असलेल्याला दिसत नाही, तेव्हा जवळ जाऊन बोला. एकट्याशी बोलायचं असेल तर वेगळी खिडकी उघडते. मराठी अक्षरं तिथं उमटत नाहीत, आम्ही सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. डोळ्यांना सवय होते. अनोळखी ठिकाणी पोहोचलात की आधी नमस्कार लिहा आणि थोडं थांबा. लोक उत्तर देतात.

काकांनी पाठवलेल्या पत्त्यावर टिचकी मारली आणि आम्ही एका बेटावर उतरलो. आम्ही म्हणजे मीच, पण दादा खुर्ची चिकटवून बसला होता आणि आपांनी त्याच्या कानाला हेडफोन लावला होता. माझ्याकडे वळून तो म्हणाला की लाटांचा आवाज येतोय. मी विचारलं, खऱ्यासारखा? तो म्हणाला, खरा समुद्र मी तरी कुठं ऐकलाय.

बेटावर गोल मांडलेले ओंडके होते. सुहासकाका आधी एक करडा ढग म्हणून दिसले, मग टकलू झाले, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्या अंगावर सदरा आला. नेट सावकाश असलं की असंच होतं, कुणी नागवं-बोडकं दिसलं तर घाबरू नका. नागपूरची वैशाली निळी साडी नेसून आली. ती साडी तिनं स्वतः तिथंच बनवली होती. शारजाचा नितीन झाडावर अडकला होता आणि खाली कसं उतरायचं ते विचारत होता. मी लिहिलं, तुम्ही बाण सोडा, म्हणजे झाड तुम्हाला सोडेल. वैशाली हसली. म्हणजे तिनं 'हाहा' लिहिलं, मग काकांनी लिहिलं, मग झाडावरून नितीननंही लिहिलं.

एवढ्या माणसांत बसून, कुणी काय म्हणालं ते मला त्याच क्षणी कळत होतं. एखाद्या विनोदावर सगळे हसले तर तेव्हाच मीही हसत होते. कान गेल्यापासून असं झालं नव्हतं. घरी पंगतीत सगळे हसतात, आणि मला कारण कळेपर्यंत भात वाढून झालेला असतो. इथं मी एकामागोमाग एक लिहीत सुटले. पत्रिकेतल्या चुका सांगितल्या, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'मधला एक काना सुटला तेव्हा दुकानात काय गोंधळ झाला तो सांगितला. मध्येच बाजूला पाहिलं तर दादा पडद्यावरची माझी वाक्यं ओठ हलवत वाचत होता.

मग दोन पाहुणे आले. वैशालीच्या भावाचे पुण्यातले मित्र, नवीन जग बघायला आलेले. त्यांना ऐकू येतं. त्यांनी नमस्कार लिहिला, आणि नंतर त्यांच्या डोक्यावर हिरव्या कमानी उमटायला लागल्या. ते माइकवर बोलत होते. आता या जगात तीही सोय झालीय. ते आपसात बोलत होते, मग बहुधा आम्हालाही काही विचारत होते. खालची पट्टी रिकामी पडली. काका थांबले, वैशाली थांबली, नितीन थांबला. सगळ्यांच्या बाहुल्या त्या दोघांकडे तोंड करून गप्प उभ्या राहिल्या. तो प्रकार मी ओळखला. आम्ही सगळ्यांनीच ओळखला असणार.

दादाला हेडफोनमधून ऐकू येत होतं. तो माझ्याकडे झुकला आणि ते काय म्हणतायत ते सांगायला लागला. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. तो थांबला. मग मी लिहिलं:

"इथं लिहून बोलायचं. आम्हाला कुणालाच ऐकू येत नाही. आज तुम्ही आमच्याकडे आला आहात."

आणि पाठवून दिलं. अनोळखी माणसांना असं ठणकावून मी कित्येक वर्षांत काही सांगितलं नव्हतं. ते निघून जातील असं वाटलं. वैशालीला राग येईल असंही वाटलं, पाहुणे तिचे होते. मग हिरव्या कमानी बंद झाल्या आणि एकानं लिहिलं, सॉरी. दुसऱ्यानं लिहिलं की त्याला टाइपिंग जमत नाही. काकांनी उत्तर दिलं, "सावकाश लिहा. आम्ही थांबतो."

आणि आम्ही थांबलो. तो एकेक अक्षर शोधत होता, निम्मे शब्द चुकत होते. आमचं बोलणं पुढे जायचं आणि त्याचं उत्तर मागच्या गोष्टीला यायचं, मग वैशाली त्याला मागचं समजावून सांगायची. सगळ्यांनी त्याला सांभाळून घेतलं. कसं घ्यायचं ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

दादानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे हात केला, म्हणजे कीबोर्ड इकडे दे. एका बोटानं त्यानं लिहिलं की मी सुरेखाचा भाऊ आहे. सगळ्यांनी त्याला नमस्कार केले. काकांनी विचारलं, बहीण घरीही अशीच बोलते का? दादा अक्षरं शोधत बसला. मी मदत करायला गेले तर त्यानं करू दिली नाही. शेवटी उमटलं:

"पयली लय बोलायची. कालेजात हिला बडबडी म्हणायचे."

तिथं कुणीच 'हाहा' लिहिलं नाही. मी कीबोर्ड ओढून घेतला आणि लिहिलं, अजूनही बोलते, तुम्ही वाचता वाचता थकाल. मग नितीन झाडावरून खाली पडला आणि विषय बदलला.

निघताना दादानं पैसे पुढे केले तेव्हा आपांनी हिशेब माझ्याशी केला. महिन्यातून एकदा ये, मशीन राखून ठेवते म्हणाल्या. स्टेशनसमोर चहा प्यालो, आल्या रस्त्यानेच परतलो. उसाच्या ट्रॉल्यांमुळे संध्याकाळी वेळ जास्त लागतो, तेवढं धरून चला.

आता घरी येऊन हे लिहितेय. माझे पाय दुखत नाहीत, दादाची पाठ मात्र दुखतेय. त्या बेटावरची वाळू हाताला लागली नाही, समुद्र ओला नव्हता, आणि काकांचा खरा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. तरी जाऊन आल्यासारखं वाटतंय, आणि पुन्हा जाणार आहे. शिरूरमधली माझी बडबड काही एका दिवसात परत येणार नाही, हेही कळतंय. पण ती कुठं गेली नव्हती एवढं तरी समजलं.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. आई ओट्यावर बसली होती. दादानं तिच्याशेजारी खुर्ची टाकून दिवसभराचं सांगायला सुरुवात केली. मला त्याचे हात हलताना दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. मी आत जायला निघाले. दादा बोलता बोलता थांबला, उठला, ओट्यावरचा दिवा लावला आणि स्वतःची खुर्ची त्या उजेडाखाली ओढून घेतली. माझ्याकडे बघून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.