शुक्रवारची बरोबरी

घोडा हलवण्याआधी काका त्याच्या मानेवर अंगठा फिरवत. "चल बाबा," म्हणत आणि बहुतेक वेळा त्याला चुकीच्या घरात नेऊन ठेवत.

इतक्या उत्साहाने हरायला येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पनवेलजवळच्या सुकापूरच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या बाकावर, संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ मांडायचो. मी ऑफिसच्या स्पर्धा जिंकलेला. शेजारचे काका निवृत्तीनंतर खेळ शिकलेले. "काय चॅम्पियन, आज लगेच मारणार की चहा झाल्यावर?" हे त्यांचं ठरलेलं.

मुलीकडे इस्रायलला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा म्हणाले, "जाण्याआधी एकदा तुम्हाला हरवायचंय. पण मुद्दाम हरू नका हं!"

तो प्रश्नच आला नाही. निघण्याआधीच्या शुक्रवारी ते खरोखरच जिंकत होते. त्यांचं प्यादं वजीर व्हायला एकच घर उरलं होतं आणि घोडा त्याला राखून उभा होता. चाल माझी होती. वाचवणारी चाल नव्हती.

काका बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी शब्बाथचा दिवा लागे, की शनिवारची संध्याकाळ उलटेपर्यंत पट बंद, फोनही बंद. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हनुवटीला हात लावून बसून राहिलो.

"करा विचार. घाई नाही," काका म्हणाले.

वरच्या गॅलरीतून काकूंची हाक आली, "अहो, दिवा लावते हं!"

"आलो!" काका उठले. "डाव असाच ठेवू या? रविवारी पुरा करू."

"इथे पोरं ठेवतील होय? बरोबरी धरू."

ते प्याद्याकडे बघत राहिले. मग हसून त्यांनी हात पुढे केला. "चॅम्पियनशी बरोबरी! हेही काही कमी नाही."

मला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते सुटल्यासारखं.

निघताना त्यांनी पट आणि मोहऱ्यांचा डबा मलाच दिला. सामान चढवणाऱ्या टॅक्सीवाल्याला सांगितलं, "यांच्याशी बरोबरी केलीय मी!" घरी येऊन डबा उघडला, तर एक घोडा कमी होता.

गेल्या शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. हातात तो घोडा.

"मी पळवलाय," काका म्हणाले. "नातवंडांना दाखवतो. म्हणतो, पनवेलच्या चॅम्पियनशी बरोबरी केली ती याच्या जिवावर."

बोलता बोलता त्यांचा अंगठा घोड्याच्या मानेवर फिरत होता. 'काका, तुम्ही जिंकला होतात,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी शब्द जुळवत बसलो.

"बोला की, चॅम्पियन. घाई नाही."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, दिवा लावते हं!"