खळ्यात बसून दिलेली उत्तरं

आमच्या नातीला दमा. बोलणं अगदी माझ्यासारखं, श्वास तेवढा अपुरा. एकदा तिन्हीसांजेला दवाखान्यातली ताई घरी आली, प्रश्न विचारायला. म्हणाली, "आजी, छाती कशी वाजते ते नळीने कळतं. पण दम्यापायी मुलीची शाळा, खेळ, झोप, मन कसं आहे, ते विचारूनच कळतं. त्यावरून डॉक्टर औषध बदलायचं का ते ठरवतील." मला पटलं बाई.

ताईने नातीला विचारलं, "चढ चढताना त्रास होतो?"

उत्तर सुनेचं. "छे हो, कधीच नाही."

"खेळताना मागे पडतेस?"

"कधीच नाही." पुन्हा सूनच!

आता सून काही खोटारडी नव्हे. पण आमच्याकडे तिन्हीसांजेला घरात वाईट बोलत नाहीत. वास्तू तथास्तु म्हणते, मग तेच खरं होतं म्हणतात. इकडे पोर खाली मान घालून अंगठ्याने जमीन कोरतेय. असंच चाललं तर औषध आहे तेच राहणार आणि पोर धापा टाकत राहणार. ते मी होऊ देणार नव्हते. उठलेच.

"चला सगळी बाहेर, खळ्यात."

"आई, अंगणात आता डास फोडून खातील."

"खाऊ देत. वास्तू घरात असते, ती काय खळ्यात ऐकायला येत नाही. आणि तू गो, तोंड मिटून बस. दमा तिला आहे, तुला नाही."

ताईने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. पोरीने मान वर केली. मग म्हणाली, "शाळेच्या पाखाडीच्या पायऱ्या चढताना मध्येच सँडलचा पट्टा लावायला बसते. सुटलेला नसतो. तेवढाच दम खाते." आणि लंगडीत हिला कोणी घेत नाहीत, ही सगळ्यांच्या चपला राखते.

सुनेचे डोळे भरले. "मला का नाही सांगितलंस गो?"

"तू विचारतेस, मम्मी, आणि तूच उत्तर देतेस."

ताईने सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. डॉक्टरांनी औषध बदललं, पंप नीट कसा ओढायचा तेही शिकवलं. दमा गेला नाही, पण रात्रीची झोप लागायला लागली.

परवा ताई परत आली, तर पोरीने आपणहून खळ्यात खुर्च्या मांडल्या.

"चढ चढताना?"

"थांबते अजून. पण पट्ट्याला हात नाही लावत. मैत्रिणींना सांगते, थांबा गो जरा."

"आणि थांबतात ना?" सुनेला राहवेना.

"मम्मी, गप!" म्हणाली, आणि ताईकडे वळली. "लिहा. कधी कधी थांबतात."