बाहेरगावचे शब्द

मी लिहिणारा माणूस नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि इंग्रजीत एकदा नापासही झालेलो. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचं एक साधं पत्र माझ्याकडून वेळेवर गेलं नाही. तेव्हा हे लिहायचा मला कितपत हक्क आहे, ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

"घाबरतोस काय? तोही बाहेरगावचाच आहे."

इंग्रजी शब्दापाशी कोणी अडखळलं की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातले काका असं म्हणत, चष्मा कपाळावर सरकवत आणि खिशातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढत. ते तिथे शिपाई होते. क्रमांक न बघता पुस्तकाची जागा सांगणारा असा एखादा माणूस तुमच्याही कॉलेजात असेल. आमच्या काकांच्या वहीत मात्र तुर्कस्तान होतं.

जुन्या मासिकातल्या पत्रमैत्रीच्या सदरातून त्यांना तिकडचा एक मित्र मिळाला होता. समुद्राकाठच्या गावातला, शाळेतला शिपाईच. इंग्रजी दोघांचंही बेताचं. वाक्य जमत नसे, म्हणून ते एकमेकांना शब्द पाठवत. आमच्या तुर्कीतून इंग्रजीत गेलेले शब्द, असं अभिमानाने सांगून मित्र यादी धाडी आणि काका समोर मराठी अर्थ लिहीत. योगर्ट: आपलं दही. ट्युलिप: पागोट्यासारखं दिसणारं फूल. कियॉस्क: मूळचा बागेतला मंडप, आता पेपरची टपरी. ऑटोमन: पाठ नसलेली गादीची बैठक.

"बघ, हे सगळे पाहुणे म्हणून गेले आणि तिथलेच झाले," ते मला म्हणत. "तू तर पेठहून नाशिकलाच आलायस. दोन तासांची एसटी."

पत्रांतून तिकडच्या रीतीही येत. कॉफी प्याल्यावर कप बशीत उपडा घालतात आणि गाळाच्या नक्षीवरून भविष्य सांगतात, हे कळल्यावर काकांनी कॅन्टीनच्या चहाचा कप टेबलावर उपडा घातला. चहा गाळलेला. भविष्य काही उमटलं नाही, नोंदवही तेवढी भिजली.

"सुलतान, राज्य तुमचं असेल, टेबल कॉलेजचं आहे!" ग्रंथपाल ओरडले.

"पुढच्या वेळी न गाळता आणतो, साहेब," काका फडक्याने पुसत म्हणाले.

रविवारी मी नाशिकरोडला त्यांच्या घरी जेवायला जाई. बुद्धाच्या तसबिरीशेजारी निळा काचेचा मणी टांगलेला होता. दृष्ट लागू नये म्हणून मित्राने पाठवलेला. "दृष्टबिष्ट मी मानत नाही," काका सांगत, "पण मित्राला मानतो."

इंग्रजीच्या फेरपरीक्षेला मी त्यांच्याच घरून निघालो. दारातून उतरलो तर मागे काहीतरी सांडल्याचा आवाज आला. काकांनी रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं. माझे पायच थांबले. आमच्याकडे पाणी सोडतात ते गेलेल्या माणसासाठी.

"अहो, पोराच्या मागे पाणी काय ओतता?" काकू आतून धावत आल्या. "आणि तेही नळाला दोन दिवस पाणी नसताना!"

"तिकडे प्रवासाला निघालेल्याच्या मागे ओततात गं. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये."

मी पास झालो.

शेवटच्या वर्षी, ऑगस्टात, तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. पेपरातल्या नकाशात मित्राचं गाव त्याच किनाऱ्यावर होतं. काका वही न काढताच माझ्यासमोर येऊन बसले.

"या वेळी शब्द नकोत. वाक्य पाहिजे. तू बी.ए.ला आहेस. नीट विचार त्याला, तू आहेस का म्हणून."

"काका, मला नाय जमणार."

"जमेल."

पाकिटावर पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने घातला. मी खोलीवर जाऊन वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तू जिवंत आहेस का, हे माणसाला कसं विचारायचं? माझ्या चुकीमुळे तिकडे काकांचं हसं होईल असं वाटे. इंग्रजीच्या सरांना दाखवायची लाज वाटे. पंधरा दिवसांनी काकांनी विचारलं, "टाकलंस?"

"टाकलं," मी म्हणालो.

त्यानंतर रोज टपालाच्या वेळी ते ग्रंथालयाच्या पायरीवर जाऊन उभे राहत. पोस्टमन लांबूनच मान हलवी. ग्रंथपालांनीही त्यांना सुलतान म्हणायचं सोडलं. मी खिडकीशी पुस्तक उघडून बसे. पत्र माझ्या ट्रंकेत होतं.

जानेवारीत एक दिवस त्यांनी निळी वही माझ्या हातात दिली. "तुझ्याकडेच असू दे. आता नवे शब्द येणार नाहीत."

त्याच दुपारी मी ते पत्र टाकलं. एकच ओळ, चुका होत्या तशाच.

मे महिन्यात परीक्षा संपली आणि सटाण्याला एका शाळेच्या कार्यालयात मला नोकरी लागली. निरोप घ्यायला गेलो. खरं काय ते सांगायचं ठरवूनच गेलो होतो. काकूंनी हातावर दही घातलं, काकांनी मागे पाणी ओतलं, आणि मी न सांगताच एसटीत बसलो. सटाण्याचा पत्ताही मी त्यांना कधी कळवला नाही.

वर्षभराने कॉलेजातून पत्ता मिळवून काकूंनी पत्र पाठवलं. अक्षर त्यांच्या मुलीचं होतं. काका गेले होते. झोपेतच. पुढे लिहिलं होतं, की तू गेल्यावर महिन्याभराने तुर्कस्तानचं पत्र आलं. मित्र जिवंत होता. त्याची बायको गेली होती. भूकंपानंतर पाच महिन्यांनी आपलं पत्र मिळेपर्यंत त्याला वाटत राहिलं, की नाशिकचा मित्र आपल्याला विसरला. ते वाचून मुलगी माझ्यावर फार चिडली. काकांनी पत्राची घडी घातली आणि तिला एवढंच म्हणाले, "लिहायला घाबरला असेल. तोही बाहेरगावचाच आहे."

खाली काकूंनी सांगून लिहवून घेतलेल्या दोन ओळी होत्या. "यांना नेलं तेव्हा मागे मी तांब्याभर पाणी ओतलं. नळाला आलं नव्हतं, शेजारून मागून आणलं."