शिलाई मशीनवरचं स्टेअरिंग

कुठल्याही खुर्चीवर बसलं की ते आधी हात वर न्यायचे आणि नसलेला आरसा नीट करायचे. लग्नात, बँकेत, दवाखान्यात, एकदा तर मयताच्या घरी सांत्वनाला गेलो असताना. न राहवून मी विचारलं, "मामा, दिसतं काय त्याच्यात?"

"मागं कोण लोंबकळतंय ते," ते म्हणाले आणि गंभीर चेहऱ्यानं सांत्वनाकडं वळले.

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. आमच्या गल्लीत त्यांना सगळे मामा म्हणत. नाव होतं, पण ते रेशनकार्डावर. नांदेड-लातूर रस्त्याच्या आसपास बरेच बसडेपो आहेत, त्यातल्या एकात ते चालक होते. कुठल्या, ते सांगत नाही. शेवटी जे घडलं ते नियमात बसणारं नव्हतं आणि तेव्हाचे साहेब अजून नोकरीत आहेत.

सव्वीस वर्षं त्यांनी लाल गाडी चालवली. मग साखरेनं डाव्या डोळ्याची नजर नेली. मेडिकलला नापास झाले आणि डेपोच्या गेटवर बसले, गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहीत. संध्याकाळी घरी येऊन ते भिंतीकडं बघत बसायचे. धर्माबादला दिलेल्या लेकीला हे बघवेना. तिनं सासरचा जुना कॉम्प्युटर, गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आणि प्लास्टिकचं स्टेअरिंग आणून दिलं. स्टेअरिंग बसवायला घरात एकच टेबल मजबूत होतं, मामींच्या शिलाई मशीनचं.

"ह्यांची गाडी लागली की माझी मशीन बंद," मामी दारात बसून सांगायच्या. "आख्ख्या गल्लीची पोलकी लेट हायत."

सुरुवातीला मामा तो गेम बसच्या कायद्यानं खेळायचे. मागच्यानं हॉर्न दिला की बाजू द्यायचे. जगातल्या भारी भारी गाड्या त्यांच्या अंगावरून जायच्या आणि मामा शेवटून पहिले यायचे, पण गाडीला ओरखडा नाही. एकदा त्यांनी मला बसवलं. पहिल्याच वळणावर मी गाडी प्रेक्षकांत घातली.

"उतरा," मामा म्हणाले.

"मामा, गेम आहे. परत सुरू करतो की."

"उतरा म्हणलं ना. पंचनामा झाल्याबिगर गाडी हलत नसती." आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य : "पळवायला काय, म्हैस बी पळती!"

पण हळूहळू मामाही पळवायला लागले. परदेशातले ते रस्ते त्यांनी घोकले. प्रत्येक वळणाला आपल्याकडचं नाव दिलं. हे माळाकोळीचं वळण, हा शिरूरचा उतार, इथं गाडी दुसऱ्या गिअरवर घ्यायची. दोनतीन वर्षांत ते पहिले यायला लागले. ही गोष्ट मामी, मी आणि मशीन सोडून कुणाला ठाऊक नव्हती.

त्या डेपोत एक रीत होती. चालक रिटायर होतो त्या दिवशी त्याच्या गाडीला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधतात, घरची माणसं पुढच्या सीटवर बसवतात आणि तो शेवटची गाडी हलगीच्या तालावर डेपोत आणतो. बाकीच्यांना ऑफिसात शाल, नारळ, दोन भाषणं आणि चिवडा. मामा गेटवरचे. म्हणजे चिवडा.

"शाल नको मला, घरी चार हायत," निवृत्तीला दीड महिना राहिला तेव्हा ते मला म्हणाले. "गाडी पाहिजे. एक चक्कर. रस्त्यावर बी न्हाई, डेपोच्या आवारात."

सगळ्या चालकांनी मिळून शब्द टाकला असता तर साहेबांनी ऐकलं असतं. पण चालकांमध्ये तात्यांचा शब्द शेवटचा. तात्या म्हणजे सगळ्यात जुने, मिशीवाले. मामांनी विषय काढला की ते म्हणायचे, "गेम खेळून हात ऱ्हातो व्हय मामा? मंग माझ्या नातवाला बी बिल्ला द्या. तो तर विमान बी उडवतो!" चालकांचं विश्रांतीगृह खदाखदा हसायचं. मामाही हसायचे. घरी येऊन मात्र त्या दिवशी गेम लावायचे नाहीत.

आणि अशात नांदेडला तो पिक्चर लागणार असल्याचं पोस्टर झळकलं. मामांच्याच गेमवरून काढलेला, हिंदीत. मामा मोबाइल घेऊन धावत माझ्याकडं आले. "हे बघा! गेम खेळणारं पोरगं खऱ्या गाडीत बसायलंय! मी काय म्हणत होतो?" ते डेपोत गेले आणि तात्यांना गळ घातली. रविवारी सगळ्यांनी बघायला चलायचं. तात्या म्हणाले, "चला, बघू तुमचं पोरगं."

इथं माझा प्रवेश होतो. मी आत आलो की काय होतं, ते आता तुम्हाला कळेलच.

नांदेडच्या एका दैनिकात मी पिक्चरबद्दल लिहितो. रंगीत पान गुरुवारी दुपारी छपाईला जातं. पिक्चर लागतो शुक्रवारी. आता तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? मी ट्रेलर बघायचो, पोस्टर बघायचो आणि उरलेला पिक्चर अंतःकरणानं बघायचो. इतक्या वर्षांत कुणी पकडलं नव्हतं, कारण मी लिहायचो ते बहुतेक पिक्चरमध्ये असायचंच : नायिकेला वाव नाही, उत्तरार्ध लांबलाय, एक गाणं कापता आलं असतं. मामांच्या पिक्चरबद्दल मी लिहिलं, "खेळण्यातल्या गाड्यांचा खेळण्यातला पिक्चर. गेम खेळून कुणी चालक होत नसतो, एवढं तरी दिग्दर्शकाला कळायला हवं होतं. उत्तरार्धातलं समुद्रकिनाऱ्यावरचं गाणं तर प्रेक्षकांचा अंत बघतं."

हे लिहिताना मला मामा आठवले नाहीत. वाक्य जमलं की मला माणसं आठवत नाहीत, हा माझा जुना रोग आहे.

शुक्रवारी तात्यांनी ते विश्रांतीगृहात मोठ्यानं वाचलं, कापलं आणि गेटच्या केबिनच्या काचेवर चिकटवलं. रविवार रद्द झाला. पिक्चरला गर्दी नव्हतीच, गुरुवारी तो उतरणार असं टाकीजवाल्यानं सांगूनही टाकलं.

शनिवारी सकाळी मामा माझ्या घरी आले. बसले, आरसा नीट केला. शुक्रवारी पहिल्याच शोला एकटे जाऊन आले होते.

"तुम्ही कोणत्या टाकीजला बघितला?"

"नेहमीच्याच."

"गाणं कधी लागलं?"

"ते... उत्तरार्धात."

"पिक्चरमध्ये गाणं न्हाई," मामा शांतपणे म्हणाले. "समुद्र बी न्हाई. मी लघवीला बी उठलो न्हाई, म्हणून इमानानं सांगायलोय."

माझी बायको स्वयंपाकघरात हसली. त्या हसण्यात आमच्या लग्नानंतरची सगळी वर्षं होती.

मला वाटलं, मामा आता शिव्या घालतील. ते म्हणाले, "तुम्ही न बघता लिहिलं. डेपोतले न बघता बसले. मंग मी कुणाला दाखवू?"

त्याच संध्याकाळी मी डेपोत गेलो. विश्रांतीगृहात पंधरावीस चालक, काही लवंडलेले, काही पत्त्यांवर. मी मधोमध उभा राहिलो आणि कबूल केलं. पिक्चर मी बघितलेला नाही. हाही नाही आणि आजवरचे बरेचसे नाहीत.

मग तात्यांनी पत्ते खाली ठेवले.

"म्हंजे ते गाणं?"

"मी घातलं."

"समुद्र?"

"मीच."

असा हशा मी त्याआधी फक्त तमाशात ऐकला होता. एकजण तर बाकावरून खाली आला. तात्या मिशी पुसत म्हणाले, "मामांसाठी आलो नसतो. पण पेपरवाला किती खोटं लिहितो, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे. चला रे उद्या!"

माझ्या आयुष्यातला खोटेपणा असा कुणाच्या कामी आल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

रविवारी सुट्टीवाले, ड्यूटी संपवून आलेले आणि दोनचार कंडक्टर असे सत्तावीसजण आम्ही नांदेडच्या बसमध्ये बसलो. एका गाडीत एवढे चालक! "गिअर टाक की रे," "हॉर्न फुकटचा हाय, वाजव," असं करत त्यांनी चालवणाऱ्या बिचाऱ्याला नांदेड येईपर्यंत रडकुंडीला आणलं.

टाकीजमध्ये पुढं कॉलेजची दहाबारा पोरंपोरी होती, तो गेम खेळणारी. पडद्यावर गाडी आली की तिचं नाव घेऊन शिट्ट्या मारत होती. मागं आमची फलटण. पहिल्या शर्यतीपर्यंत तात्या दर पाच मिनिटांनी माझ्याकडं वाकून विचारत होते, "समुद्र आला का?"

मग शर्यत सुरू झाली आणि मी एक बघितलं. पडद्यावर वळण आलं की आमच्या दोन्ही रांगांतले सगळे उजवे पाय एकदम खाली दाबले जात होते. सत्तावीसमधले कंडक्टर आणि मी सोडून सगळे! फरशीवर धप्प असा आवाज यायचा. पोरं मागं वळून बघायला लागली. एक कंडक्टर आपल्या डोक्यावरची न दिसणारी घंटीची दोरी ओढायला गेला आणि मागच्या माणसाच्या चष्म्यात बोट घालून बसला.

मध्येच नायकाची गाडी उलटते. पोरांनी आरडाओरडा केला. माझ्या बाजूच्या चालकानं मात्र डोळे मिटून घेतले होते. माझ्यासारख्यांसाठी तो पिक्चर होता. ह्यांच्यातल्या प्रत्येकाच्या रस्त्यावर अशी एखादी जागा होती.

शेवटची शर्यत लागली तेव्हा मामा माझ्या आणि तात्यांच्या मध्ये बसले होते. ते पुटपुटायला लागले. "आता शिरूरचा उतार. सोड... खाली घे... अजून... आता दे." आणि पडद्यावरची गाडी क्षणभरानं तेच करत होती. मामा आधी, गाडी नंतर. पुढचं वळण, तसंच. त्याच्या पुढचं, तसंच. तात्यांनी पडद्यावरून नजर काढली आणि मामांच्या हातांकडं लावली. अंधारात ते हात मांडीवर हलत होते, इंचभर, पण बरोबर.

"गप ना रे!" तात्या मागच्यांवर खेकसले. "ऐकू दे!"

हळूहळू पुढची पोरंही वळली. अर्धं टाकीज पडदा सोडून मामांना ऐकत होतं. "आता माळाकोळी. भिऊ नको. धर... धर... दे!" गाडीनं रेषा ओलांडली आणि जो दणका उडाला त्यात चालकांची शिट्टी कुठली आणि पोरांची कुठली, सांगता आलं नसतं.

बाहेर उजेडात पोरांनी मामांना घेरलं. "काका, तुम्ही खेळता? त्या शेवटच्या ट्रॅकवर तुमची वेळ किती?"

मामांनी सांगितली. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातल्या एका मुलीनं मामांच्या पायाला हात लावला. "काका, आम्ही सगळे मिळून कधी तिथवर पोचलो नाही."

"पळवायला काय," मामा लाजून म्हणाले, "म्हैस बी..."

तात्या टपरीकडं गेले. चहा घेऊन आले, बशीत ओतला, फुंकर मारून मामांच्या हातात दिला. परतीच्या बसमध्ये घर जवळ आल्यावर म्हणाले, "उद्या साहेबाकडं जायलोय. सगळे चला."

रंगीत पानाची वाट न बघता मंगळवारच्याच अंकात मी माझ्या कारकिर्दीतलं पहिलं प्रामाणिक परीक्षण लिहिलं. त्यात त्या पायांबद्दल लिहिलं, दोरीबद्दल लिहिलं. संपादक म्हणाले, "गाणं कुठं गेलं?" मी म्हणालो, वाहून गेलं. ते वाचून कंधारकडचे चालक बायकापोरांसह आले आणि उतरणारा पिक्चर आणखी एक आठवडा टिकला. श्रेय अर्थात मी घेतलं.

मामा आता धर्माबादला लेकीकडं राहतात आणि आमच्या गल्लीतली पोलकी वेळेवर मिळतात. पण निवृत्तीचा तो दिवस सांगतो.

केळीचे खुंट होते, झेंडू होता, हलगी होती. साहेबांना ऐन वेळी ऑफिसात महत्त्वाचा फोन आला आणि ते खिडकीकडं पाठ करून बोलत राहिले. आवार रिकामं केलं होतं. मामी नवं पातळ नेसून पुढच्या सीटवर. तात्या इंजिनाशेजारी, हँडब्रेकवर हात ठेवून. फोटोचं आणि व्हिडिओचं काम माझ्याकडं होतं. फोनचा कॅमेरा उलटा फिरलेला होता, हे मला घरी गेल्यावर कळलं. त्या ऐतिहासिक फेरीचं एकमेव चित्रण म्हणजे माझा स्वतःचा रडका चेहरा, साडेचार मिनिटं.

गाडी निघाली. माणसाच्या चालीनं पाण्याच्या टाकीला वळसा, वर्कशॉपपुढून वळण आणि परत फलाटावर. पुढचं चाक रेषेला टेकून थांबलं. टाळ्या, हलगी, गुलाल. मामींनी डोळ्याला पदर लावला.

मामा उतरले. त्यांनी हात वर करून हलगी थांबवली. सगळ्यांना वाटलं, आता दोन शब्द बोलणार. ते वर्कशॉपच्या मिस्त्रीकडं गेले.

"ब्रेक मारला की डावीकडं ओढायलीय. हलकंसं."

मिस्त्री हसला. "मामा, परवाच बघितलीय. तुमचा भास हाय."

"परत बघा."

"अहो, आज तुमचा दिवस..."

"चालकानं सांगितलंय ना?" तात्या मागून गरजले. "मंग बघ की!"

मिस्त्री कुरकुरत गाडीखाली गेला. आम्ही सगळे गुलाल लागलेल्या तोंडांनी उभे. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, हात पुसले, कुणाकडंही न बघता ऑफिसकडं ओरडला, "उदगीरला दुसरी गाडी लावा! ही जात न्हाई आज!"

आणि केळीचे खुंट, झेंडूच्या माळा तशाच लेवून ती गाडी वर्कशॉपात, दुरुस्तीच्या खड्ड्यावर जाऊन उभी राहिली.